वहिनीचं बेअरिंग

३ एप्रिल

भाऊजी,

नमस्कार. परत गेल्यावर तुम्ही दोनदा फोन केलात आणि दोन्ही वेळा मी घाईत आहे म्हणाले. घाई नव्हती. फोनवर मला हल्ली दोन वाक्यांपुढे जाता येत नाही, म्हणून लिहिते आहे.

इकडे ठीक आहे. मी कामावर जायला लागले. प्रयोगशाळेत पाण्याच्या बाटल्या येतात, मी तपासते, शेरा लिहिते. कोणी काही विचारत नाही, ते बरं वाटतं. तुमच्या दादांचे कपडे अजून कपाटातच आहेत.

एक काम होतं. ह्यांचा तो डबा फ्रिजवर तसाच चालू आहे, हिरवा दिवा लुकलुकतो. ह्यांच्या जागी कंपनीनं नवा लिफ्ट मेकॅनिक घेतला आहे. ह्यांनी टिपून ठेवलेले लिफ्टचे आवाज त्याला कामासाठी हवे आहेत. ते शोधायचे कसे? ह्यांचा लॅपटॉप उघडला तर आकडे आणि अक्षरं मिसळलेल्या लांबलचक ओळी दिसतात, नाव कशालाच नाही. इतकी वर्षं हे लिफ्टच्या मोटरीशेजारी उभं राहून आवाज टिपत आले आणि मी त्यातला एकही ऐकलेला नाही. त्यामुळे मला त्यातलं काही कळत नाही.

सवडीनं कळवा. घाई नाही.

तुमची वहिनी


११ एप्रिल

वहिनी,

पत्र मिळालं. पोस्टमननं ते हातात देताना माझ्याकडे असं पाहिलं की जणू कोर्टाची नोटीसच आली आहे. मला कोणी शेवटचं पत्र कधी लिहिलं होतं ते आठवत नाही.

आधी एक सांगतो. कंपनीच्या माणसाला डब्याला हात लावू देऊ नका. दादा होता तोवर त्यांनी 'तुमचा तो छंद' म्हणून हसण्यावारी नेलं. आता जाग आली का? नव्या माणसाला म्हणावं, स्वतःचा डबा घे, मंडळींत ये, आणि स्वतःच्या नावानं विचार. आम्ही कोणाला नाही म्हणत नाही.

तुम्हाला समजावं म्हणून लिहितो. आमचं मोठं गोदाम असं कुठेच नाही. चाळीसेक लिफ्ट मेकॅनिक आहोत, कोण कुठल्या देशात. प्रत्येकाच्या घरी असाच एक डबा, नेटला जोडलेला. एखाद्यानं आवाज टिपला की तो त्याच्या डब्यात राहतो. दुसऱ्या कोणाला तो उपयोगाचा वाटला तर तो आपल्याही डब्यात घेतो आणि मंडळींना कळवतो, 'ठेवला'. जोवर एकाच्या तरी डब्यात आहे आणि तो डबा चालू आहे, तोवर तो आवाज आहे. नाहीतर गेला.

त्या लांबलचक ओळी म्हणजे पत्ते. पण ते जागेचे नाहीत, आवाजाचेच. आवाजातूनच पत्ता तयार होतो. त्यातला एक खोकला कापलात तरी पत्ता बदलतो, आणि जुना पत्ता घेऊन येणारा रिकाम्या हातानं परत जातो. रेकॉर्डिंग मोठं असेल तर त्याचे तुकडे पडतात आणि प्रत्येक तुकड्याला आपला पत्ता मिळतो.

पत्ता माहीत नसला तर लॅपटॉपवर दिसणाऱ्या वरच्या चौकटीत शब्द लिहून विचारायचं. आपला डबा ओळखीच्या डब्यांना विचारतो, ते त्यांच्या ओळखीच्यांना. जिन्यात उभं राहून 'आमची शिडी कोणाकडे आहे हो?' म्हणून ओरडावं, तसा प्रकार.

तब्येतीला जपा. जेवता ना वेळेवर?

तुमचा पान्या
(दादानं ठेवलेलं नाव आहे, आता दुसरं कोणी हाक मारणार नाही, म्हणून मीच लिहितो.)


२९ एप्रिल

वहिनी,

तुमचं उत्तर आलं नाही, पण डब्याचं आलं.

आमच्यात कोण काय शोधतंय ते सगळ्यांना नावानिशी दिसतं. हा दादाचाच नियम. म्हणायचा, चोरून विचारायचं नाही, ज्याचं अडलंय त्याचं नाव दिसलं तर कोणीतरी फोन उचलेल. तर परवा दुपारी दादाच्या नावानं विचारणा यायला लागल्या. पहिली, 'बायको'. मग 'घर'. मग 'भांडण'. शेवटी 'हेड ऑफिस'.

गेलेल्या माणसाच्या नावानं असं काही दिसल्यावर मंडळी हादरली. आमच्यात एक निवृत्त म्हातारा आहे, सगळे त्याला आजोबा म्हणतात. त्यानं लिहिलं, 'वर जायलाही हेड ऑफिसची सही लागते वाटतं.' त्याच्यावर मी असा तुटून पडलो की तो अजून गप्प आहे.

हा त्या नव्या मेकॅनिकचा चावटपणा आहे. दादा तुम्हाला हेड ऑफिस म्हणायचा हे कंपनीत शेंबड्या पोराला माहीत आहे. मी त्यांच्या साहेबांचा नंबर मिळवलाय. येत्या आठवड्यात फोन करून त्या माणसाची चांगली हजेरी घेतो. नोकरी गेली तर गेली. माणसाच्या मरणाची थट्टा करतो म्हणजे काय?

पान्या


४ मे

भाऊजी,

कृपा करून फोन करू नका. ती मी होते.

नवा मेकॅनिक आवाज मागायला कधीच आला नाही. तो बिचारा मला ओळखतही नाही. मीच त्याचं नाव पुढे केलं.

खरं ते लिहिते. ह्यांच्या फोनवरून आलेले निरोप माझ्याकडे आहेत, पण सगळे लिहिलेले. 'येतो.' 'उशीर होईल.' 'दूध आणू का?' आवाज एकही नाही. तुमचं पत्र आल्यावर डब्यातल्या एकेक ओळीवर बोट ठेवून ऐकत गेले. 'चौथा मजला. वर जाताना.' एवढं बोलून हे गप्प, पुढे नुसती मोटर. 'तळमजला. दार लागताना.' पुन्हा मोटर. किती ऐकले कोण जाणे, सगळीकडे मजलेच. मग वाटलं, इतक्या वर्षांत, इतक्या माणसांत, कधीतरी माझ्याबद्दल एखादा शब्द बोलले असतील. चांगला नाही तर वाईट. म्हणून ते शब्द लिहिले. काहीच मिळालं नाही.

हे कुणाला तोंडानं सांगण्यासारखं आहे का? मला वाटलं, मी माझ्या घरातलं कपाट उघडून शोधते आहे. आणि मी तर जिन्यात उभी राहून ओरडत होते.

तुमचं पत्र वाचलं त्याच दिवशी वायर काढली. ह्यांची हत्यारांची पिशवी कंपनीला परत करायची राहिली होती. तिच्यातच पक्कडींच्या खाली डबा घातला आणि पाठवून दिली. आता फ्रिजवर धूळ नसलेला एक चौकोन आहे.

मंडळींना काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. मला मात्र त्यांच्यापुढे उभं करू नका. आजोबांना रागावू नका. ते बोलले त्यात चूक काहीच नव्हतं.

वहिनी


१० मे

वहिनी,

शरमेनं मान खाली जायला हवी ती माझी. एका निरपराध माणसाची नोकरी घालवायला निघालो होतो, आणि तुम्हाला नियम सांगायचा राहिला तो माझ्याकडून.

मंडळींना मी खरं सांगितलं. तुम्ही रागावाल, पण खोटं सांगून बघितलं, जमेना. आजोबांनी लिहिलं, 'माझी जीभ झडो.' मग कोणी न सांगता सगळे आपापल्या डब्यांत शोधायला लागले. एरवी बेअरिंग आणि ब्रेक सोडून एक अक्षर न बोलणारी माणसं.

आणि वहिनी, एक आहे. सांगू की नको यात दोन दिवस गेले. तुम्ही स्वतःला 'बायको' म्हणून शोधलंत. आमच्याकडे तुम्ही त्या नावानं नाहीतच. आमच्याकडे तुम्ही 'वहिनी' आहात.

आठ वर्षांपूर्वी दादानं एका मोटरीचा आवाज टिपला, बेअरिंग मोडायच्या जरा आधीचा. असा आवाज सापडत नाही, कारण तो येतो तेव्हा कोणी तिथं नसतं. त्याच वेळी त्याचा फोन वाजला. हात ग्रीसनं भरलेले, म्हणून त्यानं कोपरानं स्पीकर चालू केला. पलीकडे तुम्ही होतात. चिडलेल्या होतात. मोटर आणि तुम्ही, दोघीही त्यात आहात. आमच्यात त्याला 'वहिनीचं बेअरिंग' म्हणतात. हे नाव मी दिलं. नवा माणूस आला की त्याला आम्ही तेच ऐकवतो आणि सांगतो, वहिनी काय म्हणतात ते ऐकू नकोस, त्यांच्या मागचं ऐक.

दादाला विचारलं होतं, वहिनींचं बोलणं कापू का? तो नाही म्हणाला. जसं आहे तसं राहू दे म्हणाला.

रागावू नका. किंवा रागवा, पण लिहा.

पान्या


१६ मे

भाऊजी,

तो दिवस मला आठवतो. मी दवाखान्यात होते. 'तुमचं घर म्हणजे तो लिफ्टचा खड्डाच आहे. तिथंच राहा. परत येऊ नका.' असं मी म्हणाले. बरोबर आहे ना? ताडून बघा.

ते चाळीस घरांत आहे, आणि ह्यांनी ते कापू दिलं नाही. माणूस बायकोवर इतका रागावलेला असेल, आणि नंतर आठ वर्षं तिच्या शेजारी बसून जेवत असेल, आणि तिला कळणारही नाही, असं मला वाटलं नव्हतं.

सगळ्यांना पुसून टाकायला सांगा. मी आणखी काही मागत नाही.

वहिनी


२२ मे

वहिनी,

विचारलं. बरेच जण लगेच तयार झाले. पण तुम्हाला फसवत नाही, हे पुसलं जाणार नाही. काहींचे डबे महिनोन्‌महिने बंद असतात आणि मग एक दिवस उठून बसतात. काहींनी पुढे कोणाला दिलंय ते त्यांनाच माहीत नाही. आमच्यात दिलेलं परत घेता येत नाही. ह्याच गोष्टीचा मला इतकी वर्षं अभिमान होता.

पण पुसायला निघालो म्हणून मूळ पत्ता नीट उघडून पाहिला. त्या रेकॉर्डिंगचे तुकडे तीन आहेत. सगळ्यांकडे दोनच. तिसरा का नाही म्हणून जुनं बोलणं चाळलं, तर तिथं माझंच वाक्य सापडलं. 'तिसऱ्यात मोटर बंद आहे, नुसती बडबड आहे, कोणी जागा अडवू नका.' मी तो ऐकलासुद्धा नव्हता, वहिनी. मोटर थांबली तसा मीही थांबलो. दादा बोलत असणार आणि मी त्याला बडबड म्हणालो. सगळ्यांनी माझं ऐकलं, कारण दादानं शिकवलेला मीच.

आता तिसऱ्याचा पत्ता टाकला की डबे एकमेकांना विचारत राहतात आणि कोणीच 'आहे' म्हणत नाही. असलाच तर त्या पक्कडींच्या खाली आहे.

पत्ता मागच्या बाजूला लिहिला आहे. आणायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. आणलात आणि कोणाला द्यायचा नसेल तर डबा नेटला न जोडता ऐका. तो तुमच्यापुरता राहील. मीही मागणार नाही, मला तो हक्क नाही.

पान्या


९ जून

भाऊजी,

उत्तराला उशीर झाला. कंपनीच्या वर्कशॉपपर्यंत दोनदा गेले आणि फाटकावरून परत आले. तिसऱ्यांदा आत गेले.

स्टोअर तळघरात आहे. जाळीमागे एक माणूस माझ्याकडे पाठ करून वायरीचं भेंडोळं गुंडाळत होता. मी म्हटलं, "अहो, एक हत्यारांची पिशवी परत आली होती, तिच्यात..." त्याचे हात थांबले. वळायच्या आधीच तो म्हणाला, "वहिनी का?"

मी विचारलं, "तुम्ही मला ओळखता?"

"पाहतोय आजच. ऐकतोय आठ वर्षं." असं म्हणाला आणि त्यानं जीभ चावली. मग चूक सावरायला आणखी बोलत गेला. "म्हणजे वाईट अर्थानं नाही हो. तुम्ही 'तिथंच राहा' म्हणता ना, त्या 'राहा'वर बेअरिंग किंचाळतं. बरोब्बर तिथं. आम्हाला पाठ आहे."

मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. माझ्या कामाच्या ठिकाणी मी कधी मोठ्यानं बोललेली नाही. आणि इथं तळघरात, ज्याचं तोंड मी पाहिलं नव्हतं अशा माणसाला माझं ओरडणं पाठ.

पिशवी त्यांनी नव्या मेकॅनिकला दिली होती. त्याला वरून बोलावून घेतलं. माझ्याच वयाचा आहे, केस माझ्याहून पांढरे. त्यानं त्याच्या कपाटातून डबा आणून दिला, फडक्यात गुंडाळलेला. म्हणाला, "माझा नव्हता, म्हणून बाजूला ठेवला. वापरला नाही, बाई." ज्याच्यावर मी खोटं ढकललं तो हाच. मी आभार मानले, पण त्याच्या तोंडाकडे बघून नाही.

घरी येऊन डबा जागेवर ठेवला. नेटला जोडला नाही. तुम्ही लिहिलेला पत्ता एकेक अक्षर ताडून टाकला. आहे.

आधी पहिले दोन ऐकले. माझा आवाज मला वाटला होता त्याहून वाईट आहे. मग तिसरा. मोटर थांबते. बराच वेळ काही नाही, फडक्याला हात पुसल्यासारखं काहीतरी. मग हे बोलतात. शब्द चुकू नयेत म्हणून थांबवून थांबवून लिहून घेतले.

"मंडळी, दोन आवाज ऐकलेत. पहिला बेअरिंगचा. त्यात बिघाड आहे, असा आला की मोटर पुन्हा चालू करू नका. दुसरा आमच्या घरचा. त्यात बिघाड नाही. ती दवाखान्यात एकटी बसलीय, तिचा रिपोर्ट यायचाय, आणि मी येतो म्हणून सांगून इथं अडकलोय. घाबरली की तिचा आवाज चढतो. हे मला ठाऊक आहे, तिला नाही. हे कापू नका. दोन्ही आवाज वेगवेगळे ओळखता आले पाहिजेत. चला, मी निघतो."

मग जिना उतरल्याचे पाय. रेकॉर्डर तिथंच विसरले असावेत, कारण नंतर खूप वेळ नुसती रिकामी खोली आहे. तीही मी शेवटपर्यंत ऐकली.

त्या दिवशी हे आले तेव्हा कपड्यांवर ग्रीस होतं. बाकावर चांगल्या कपड्यातली माणसं होती. मी जरा सरकून बसले, हे माझ्याबरोबर आहेत असं कोणाला वाटू नये म्हणून. ह्यांना ते कळलं. एक माणूस मावेल एवढी जागा मध्ये सोडून हे बसले आणि विचारलं, "आला का?" रिपोर्ट चांगला होता. घरी जातानाही मी बोलले नाही. हे कुठल्याच डब्यात नाही, म्हणून तुम्हाला लिहून ठेवते.

तुम्ही म्हणता तसा तिसरा तुकडा माझ्यापुरता ठेवता येईल. चार दिवस तसा ठेवलाही. पण मग बाकीच्या घरांत मी ओरडतच राहणार, आणि ह्यांचं उत्तर एकट्या माझ्या फ्रिजवर. हा डबाही कधीतरी बंद पडेल. मीही.

म्हणून आज डबा नेटला जोडला. ह्यांचं नाव काढून स्वतःचं घातलं. नाव म्हणून 'वहिनी' एवढंच लिहिलं, दुसरं कोणी ओळखणार नाही. विचारणा काय लिहावी ते बराच वेळ सुचेना. शेवटी लिहिलं, 'तिसरा तुकडा कोणी ठेवाल का? त्यात मोटर नाही.' आणि लॅपटॉप मिटला. अजून उघडलेला नाही. काय आलं ते तुम्हीच कळवा.

वहिनी


१५ जून

वहिनी,

लॅपटॉप उघडा.

तुम्ही तो मिटलात त्याच रात्री पहिलं 'ठेवला' आलं, आजोबांचं. त्यांचा डबा माळ्यावर होता. गुडघे धरलेला माणूस शिडी चढला आणि सुनेची बोलणी खाऊन तो खाली आणला. त्यांच्यामागून एकेक येत गेले. ज्यांची नावं मीही विसरलो होतो असे दोघे उगवले. तुमच्या तळघरातल्या स्टोअरवाल्याचाही डबा आहे, त्याचंही आलं. ज्यांनी पहिले दोन तुकडे तुमच्या शब्दाखातर पुसले होते, ते आता तिन्ही मागतायत. द्यायचे का ते तुम्ही सांगा. आजोबांनी नवा नियम सुचवलाय, नव्या माणसाला ऐकवताना मोटर थांबली तरी बंद करायचं नाही.

मी अजून ऐकलेला नाही. 'हे कापू नका' हे तुमच्या अक्षरात वाचलं, सध्या तेवढंच पुरे आहे. दादाचा आवाज त्या वाक्याला कसा असेल ते मला ठाऊक आहे, म्हणून धीर होत नाही.

पण ठेवला आहे, वहिनी.

पान्या